संगणकाचे गचके आणि ग्राफिक्स कार्डाचा खर्च



या महिन्यात कारंजा (घाडगे) येथून एका आपांचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, थोडक्यात सांगतो. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. २०२१ च्या शेवटी नागपूरहून जोडून आणलेला संगणक घरात आहे. त्यावर तो अभ्यास करतो, लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ कापून देऊन चार पैसे मिळवतो आणि रात्री लहान भावाबरोबर गेम खेळतो. काही महिन्यांपासून गेम मध्येच गचके खातो. सुरुवातीला बरा चालतो, गाडी नव्या भागात नेली की थबकतो, कधी कधी तर आवाजही घर्र करून अडकतो. व्हिडिओ कापतानाही असेच होते. दुकानदाराने फोनवर सांगितले की ग्राफिक्स कार्ड टाका, २५ हजारांच्या घरात जाईल. मुलगा म्हणतो, संत्र्याचे पैसे आले की घेऊ. त्याचे अब्बा म्हणतात, गेम खेळूनच यंत्र बिघडवले, आता एक रुपया मिळायचा नाही. आपा विचारतात, कोणाचे ऐकू?

आपा, तूर्त दोघांचेही राहू द्या. गेम खेळल्याने संगणक बिघडत नाही. गेम त्याला पूर्ण ताकदीने पळायला लावतो, त्यामुळे आधीपासूनची दुखणी वर येतात, इतकेच. आणि कार्डाबद्दल म्हणाल, तर पत्रात लिहिलेल्या लक्षणांपैकी एकही लक्षण कार्डाच्या उणिवेकडे ठामपणे बोट दाखवत नाही. २५ हजार खर्चूनही गचके तसेच राहण्याची शक्यता बरीच आहे.

मुलाने पत्रासोबत एक चिठ्ठी जोडली आहे. त्यात यंत्राचा तपशील आहे, हे फार बरे केले. रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळे कार्ड नाही, ८ जीबीची एकच रॅमची पट्टी, विंडोज ११ एका छोट्या एसएसडीवर आणि सगळे गेम व व्हिडिओ १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. खाली त्याने लिहिले आहे, "कोपऱ्यात एफपीएस ५५-६० दाखवतो, तरीही अडकतो. असे कसे?"

या प्रश्नापासूनच सुरुवात करू. एफपीएस म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रे आली त्याचा आकडा. ६० चित्रे आली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. पण हा आकडा सरासरीचा आहे. समजा एका सेकंदात ५५ चित्रे भराभर, प्रत्येकी साडेतेरा मिलिसेकंदांत आली आणि एका चित्राला पाव सेकंद लागला. एकूण चित्रे ५६. कोपऱ्यातला आकडा म्हणेल सगळे ठीक आहे. डोळ्याला मात्र तो पाव सेकंदच दिसतो, कारण तेवढ्या वेळात गाडी खांबावर आदळलेली असते. एसटी दिवसभरात सरासरी किती वेगाने धावली हे सांगितल्याने ती फाट्यावर अर्धा तास का उभी होती ते कळत नाही, तसेच हे. २०११ मध्ये स्कॉट वॉसन या अमेरिकी परीक्षकाने सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजायला हवा असे उदाहरणांसह मांडले आणि तेव्हापासून कार्डांच्या चाचण्यांची रीतच बदलली. मुलाने एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत साधन घ्यावे आणि त्यात एफपीएसच्या आकड्याऐवजी फ्रेमटाइमचा आलेख लावावा. रेघ सपाट असेल तर ठीक. मधूनमधून उंच सुळके दिसले तर तेच तुमचे गचके. सुळका येतो त्या क्षणी आणखी काय घडत होते, हे शोधणे हेच खरे काम.

त्याआधी एक गोष्ट वेगळी काढू, कारण घरोघरी तिची गल्लत होते. ऑनलाइन गेममध्ये दुसरा खेळाडू एकदम दहा पावले पुढे उडी मारतो, आपली गोळी लागूनही लागत नाही, पण आपला कॅमेरा मात्र सुरळीत फिरतो. हा नेटचा दोष, संगणकाचा नाही. याउलट पूर्ण पडदाच क्षणभर थिजला तर दोष यंत्रात. शंका असेल तर नेट बंद करून एकट्याने खेळायचा गेम लावा. तिथेही गचके आले तर नेट निर्दोष. नेटचाच संशय असेल तर कमांड प्रॉम्प्टवरून आधी घरातल्या राउटरला पिंग करून पाहा. तिथे एक-दोन मिलिसेकंदच लागायला हवेत. तोच आकडा ५० आणि १०० वर उड्या मारत असेल तर गडबड घरच्या वायफायमध्ये आहे, केबल लावा. कंपनीशी भांडायची गरज नाही. विदर्भातून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशालाही काचेच्या तारेतून सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात वाट वाकडी असते, मध्ये थांबे असतात, म्हणून तीस-चाळीस दिसले तरी घाबरू नका. आकडा स्थिर आहे ना, तेवढे बघा. आपांच्या घरी मात्र गाडीचा गेम नेटशिवायही अडकतो, तेव्हा हा विषय इथेच सोडू.

आता पहिले लक्षण. नव्या भागात गेले की थबकतो. मोठ्या मोकळ्या जगाचे गेम सगळे जग एकदम मेमरीत भरत नाहीत. तुम्ही पुढे जाल तसे रस्ते, झाडे, घरे डिस्कवरून उचलून आणतात. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक काटा माहितीच्या जागेवर जाऊन थांबतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. सरासरी अर्धी फेरी वाट पाहायची, वर काटा सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली एक वस्तू शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद गेले. तुमच्या एका चित्राचा हिस्सा किती होता? १६.७. अशा दोनच वस्तू वेळेवर हव्या असल्या तरी चित्र उशिरा येणार. एसएसडीला याच कामाला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. म्हणून पहिला प्रयोग फुकटाचा. ज्या एसएसडीवर विंडोज आहे तिथली जुनी अडगळ काढा आणि एकच गेम तिकडे हलवा. गचके घटले तर मोठी एसएसडी घ्या. ती कार्डाच्या किमतीच्या काही हिश्श्यात येते आणि व्हिडिओ कापण्याच्या कामालाही तितकीच उपयोगी पडते.

हार्ड डिस्कची आणखी एक खोड सांगतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये २० मिनिटे वापर नसला की डिस्क झोपवण्याची सोय असते. गेमने मध्येच काही मागितले की तबकडी पुन्हा फिरू लागेपर्यंत काही सेकंद सगळे ठप्प. तिथे शून्य टाकले की डिस्क जागी राहते. त्याच वेळी तिची प्रकृतीही तपासून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्क चांगली आहे की जायच्या वाटेवर, ते सांगते. जाणारी डिस्कही असेच गचके देते, आणि तिच्यावर लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ आहेत. गेम अडकला तर हसून सोडता येते, पण कोणाच्या मुलीच्या निकाहचे शूटिंग गेले तर काय तोंड दाखवणार? पिवळा इशारा दिसला तर त्याच दिवशी सगळे दुसरीकडे उतरवून घ्या, बाकीची तपासणी नंतर.

दुसरे कारण पत्रात लक्षण म्हणून आलेलेच नाही, पण चिठ्ठीत उघड लिहिले आहे. ८ जीबीची एकच पट्टी. माझ्या मते या संगणकातली सर्वांत मोठी उणीव हीच. ५६००जी मध्ये चित्र काढणारा भाग प्रोसेसरच्या पोटातच असतो. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो घरातल्याच रॅममधून उसनी घेतो. एक-दोन जीबी त्याने घेतली, तीनेक जीबी विंडोजने, थोडी ब्राउझरने, मग गेमला उरले काय? मेमरी भरली की विंडोज जादा सामान डिस्कवर ठेवते आणि लागेल तसे परत आणते. त्या धावपळीत गेम अडखळतो. "सुरुवातीला बरा चालतो" याचा उलगडा इथेही होतो, मेमरी भरायला वेळ लागतो.

शिवाय दुसरी गोष्ट. ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर दोन वाटा उघडतात आणि ५१.२ जीबी. वेगळे कार्ड असलेल्या संगणकाला याचा फरक कमी जाणवतो, कारण कार्डाला स्वतःची मेमरी असते. पोटातल्या ग्राफिक्सला मात्र हा फरक जमीन-अस्मानाचा. विहिरीवर एकच मोट आणि दोन शेते, अशी त्याची अवस्था असते. कॅबिनेट न उघडताही खात्री करता येते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी पाहा. किती खाचा वापरात आहेत आणि रॅम कोणत्या वेगाने चालते, दोन्ही लिहिलेले असते. वेग ३२०० ऐवजी २१३३ किंवा २४०० दिसला तर जोडणाऱ्याने बायोसमधली एक्सएमपी ची सोय चालूच केलेली नाही. ती चालू करायला एक पैसा लागत नाही. दुसरी पट्टी घेताना पहिलीच्याच क्षमतेची आणि वेगाची घ्या. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी ही जोडी असते, तरी बोर्डाच्या पुस्तिकेत एकदा पाहून घ्या.

आता उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे कारंज्याच्या माणसाला मी काय सांगावे. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतल्या हवेनेच त्याला थंड करतो, त्यामुळे तो हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. थंडीत २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर भर कामात ७५ वर राहतो, तोच ४० अंशांच्या खोलीत ९० च्या आसपास जाणार. ५६००जी ची मर्यादा ९५ आहे. त्या उंबरठ्यावर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, थोडा गार झाला की वाढवतो, परत कमी करतो. ही चढउतार म्हणजेच पंधरा-वीस मिनिटांनंतर सुरू होणारे गचके. एचडब्ल्यूइन्फो या साधनात तापमान आणि वेग दोन्ही दिसतात. तापमान ९५ ला टेकले आणि त्याच क्षणी वेग पडला, तर चोर सापडला.

गाव महामार्गाला लागून, त्यामुळे धुळीचे सांगायला नको. यंत्र पूर्ण बंद करून, वायर काढून अंगणात न्या आणि ब्लोअरने साफ करा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने तो वाटेल तसा गरगरतो आणि खराब होतो. ओला कपडा नको. डेझर्ट कूलरच्या थेट झोतासमोर कॅबिनेट ठेवायची सवय अनेक घरांत पाहिली आहे. खोली गार झाली तर चांगलेच, पण पाण्याचे तुषार आत जाता कामा नयेत. कॅबिनेट कपाटाच्या खणात कोंबलेले असेल तर बाहेर काढा.

चार वर्षे झाली म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधला थर्मल पेस्ट वाळला असेल. तो बदलायला हरकत नाही, पण इथे एक धोका आहे. या जातीच्या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक ओढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकल्या की कार्ड राहिले बाजूला, प्रोसेसरच नवा घ्यावा लागेल. म्हणून आधी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट नरम होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंकचे स्क्रू सोडवा, त्याला हळूच डावी-उजवीकडे पिळा आणि सैल झाल्यावरच उचला. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. हात थरथरत असेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

उरले आवाज घर्र होण्याचे. पडदा आणि आवाज एकाच वेळी क्षणभर अडकतात, आणि तेही गेम हलका असताना, एवढेच काय नुसता व्हिडिओ पाहतानाही, हे लक्षण रायझेनवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. मार्च २०२२ मध्ये एएमडी कंपनीने स्वतःच मान्य केले की विंडोज १० आणि ११ वरील काही रायझेन संगणकांत एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे मधूनमधून सगळे यंत्र थबकते. विंडोज ११ ला टीपीएम लागतेच, म्हणून ही सोय घरोघरी चालू झाली होती. उपाय मदरबोर्ड कंपन्यांनी मे २०२२ पासून नव्या बायोसमधून दिला. ज्याचा संगणक २०२१ चा आहे आणि बायोस तेव्हापासून कोणी हातच लावलेला नाही, त्याच्याकडे हा दोष आजही जसाच्या तसा असू शकतो. आपांच्या मुलाने आपल्या बोर्डाचे नाव पाहून कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच नवा बायोस घ्यावा, दुसरीकडून नाही.

पण बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. आपल्याकडे वीज विचारून जात नाही. यूपीएसची बॅटरी चांगली असेल, आभाळ मोकळे असेल, घरात कोणी मोटर सुरू करणार नसेल, अशा वेळी करा. यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा तासभर मागून आणा. आधी बिटलॉकर चालू आहे का ते पाहा. असेल तर ते थांबवून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर नंतर संगणकच तुम्हाला आत घेणार नाही.

बायोस नवा असूनही आवाज तुटत असेल तर संशय ड्रायव्हरवर. वायफाय, साउंड, डिस्क यांपैकी कोणीही हाक मारली की प्रोसेसर हातचे काम सोडून आधी तिकडे धावतो. एखादा ड्रायव्हर त्याला तिथेच बोलत बसवतो आणि बाकी सगळे खोळंबतात. लेटन्सीमॉन हे साधन दहा मिनिटे चालू ठेवले तर असा बोलघेवडा ड्रायव्हर कोणता ते नावासह दाखवते. स्वस्तातला यूएसबी वायफायचा तुकडा अशा वेळी अनेकदा पकडला जातो. तो काढून पुन्हा मोजा.

साधनांबद्दल सांगतोच आहे तर हेही सांगतो. गेम बूस्टर, रॅम क्लीनर, हलके केलेले विंडोज या नावांनी जे विकले किंवा वाटले जाते त्यातले काहीही टाकू नका. आणि फुकट मिळालेला चोरीचा गेम आधी काढा. जून २०२१ मध्ये अवास्ट या कंपनीने क्रॅकोनोश नावाचा एक प्रकार उघडकीस आणला. चोरीच्या गेमबरोबर तो आत शिरायचा, विंडोजचे अपडेट आणि अँटीव्हायरस बंद पाडायचा आणि मालकाच्या विजेवर गुपचूप डिजिटल चलन कमवायचा. जगभरात २ लाख २२ हजारांवर संगणकांत तो सापडला, भारतातलेही हजारो होते. गेम बंद असताना, काहीच चालू नसताना पंखा जोरात फिरतोय आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतोय, असे दिसले तर विंडोज कोऱ्यापासून नव्याने टाकलेले बरे.

सगळे एकाच दिवशी करू नका. एक बदल, मग त्याच गेममध्ये, त्याच रस्त्याने, अर्धा तास यंत्र तापल्यावर दहा मिनिटांची चाचणी. वहीत तारीख, बदल, तापमान आणि सुळके किती ते लिहायचे. मुलगा विज्ञानाचा विद्यार्थी आहे, एकावेळी एकच गोष्ट बदलायची हे त्याला वेगळे शिकवायला नको. अब्बांनाही ती वही दाखवावी. पैसा कुठे आणि का लागणार हे कागदावर दिसले की नकाराचा सूर पुष्कळदा खाली येतो, असा माझा अनुभव आहे. फक्त नव्या गेमच्या पहिल्या दिवसाची नोंद धरू नका. नवे गेम पहिल्यांदा चालताना चित्रांच्या आज्ञा तुमच्या यंत्राच्या भाषेत तयार करत असतात आणि त्यात अडखळतात. दुसऱ्या फेरीला त्याच जागी गचका आला नाही तर तो यंत्राचा दोष नव्हता.

कार्ड खरेच कमी पडते आहे का, हे ठरवायची चाचणी सोपी आहे. गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. चित्र काढण्याचे काम निम्म्याहून कमी झाले. तरी सुळके तितकेच राहिले तर दोष कार्डाच्या उणिवेचा नाही, नवे कार्डही तिथे काही करू शकणार नाही. सुळके नाहीत, नुसता वेग वाढला, म्हणजे आधी चित्रे एकसारख्या पण संथ चालीने येत होती आणि आता चाल सुधारली, तर कार्डाचा उपयोग होईल. पण तेव्हाही ते दुसरी पट्टी आणि एसएसडी यांच्या नंतर घ्यावे, आणि दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायवर किती वॅट लिहिले आहेत आणि कार्डाची जोडणी त्याला आहे का, याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जावे.